कायद्याकडे बोट दाखवता, तर तो आधी वाचा : मंडळाच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

एका रविवारी दुपारी तीन तास अमेरिकेतल्या आपल्या या मराठी मंडळाचं सभागृह मिळावं, असा अर्ज आम्ही काही सभासदांनी केला होता. इमिग्रेशनचे दोन वकील फी न घेता यायला तयार होते. ज्यांच्या घरावर डिपोर्टेशनचं सावट आहे त्यांनी कोणते कागद तयार ठेवावेत, सुनावणीत काय विचारतात, घरातल्या कर्त्याला अटक झाली तर मुलांची व्यवस्था कशी लावायची, एवढंच ते सांगणार होते. आपण अर्ज नामंजूर केलात. सचिवांच्या ईमेलमध्ये कारणं दिली आहेत : मंडळ ही सांस्कृतिक संस्था आहे, मंडळाला राजकारणात पडता येत नाही, आणि 'कायदा मोडणाऱ्यांना मंडळ पाठीशी घालतं, असा संदेश समाजात जाऊ नये.' शेवटी एक ओळ आहे : 'संबंधित कुटुंबाबद्दल आम्हा सर्वांना सहानुभूती आहेच.'

ही शेवटची ओळ नसती तर मी खासगीत उत्तर देऊन थांबले असते. 'वाईट वाटतं हो, पण कायदा म्हणजे कायदा,' हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की त्यांतल्या किती जणांनी तो कायदा उघडून पाहिला, हा प्रश्न आता जाहीरपणे विचारावासा वाटतो. अमेरिकेतल्या इतर मंडळांपुढेही असे अर्ज येतील. त्यांनाही हे वाचायला मिळावं.

माझा संबंध सांगते. मी मंडळाची आजीव सभासद आहे आणि रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. मीही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आले. प्रायॉरिटी डेटची, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या आपल्या तारखेची, वाट पाहण्यात उमेदीची वर्षं घालवली, आणि परतीचा व्हिसा स्टँप मिळेल की नाही या धास्तीने आईच्या आजारपणातही विमानात बसले नाही. रांगेत ताटकळणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. ज्या कुटुंबाबद्दल आपण बोलतो आहोत, त्यातली धाकटी मुलगी माझ्या वर्गात आहे. पुढचा मजकूर तिच्या आईला वाचून दाखवला आहे. तिच्या संमतीने, नावगाव वगळून, लिहिते आहे.

तिचे वडील तुमच्या-माझ्यासारखेच एच-वनवर आले. २००९ च्या मंदीत कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्यांची नोकरी गेली. नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला आज जी साठ दिवसांची सवलत मिळते, ती २०१७ पासूनची. तेव्हा नोकरी गेली की स्टेटसही (इथे कायदेशीर राहण्याचा हक्क) गेलं. नवा अर्ज भरून देतो म्हणून एकाने पैसे घेतले आणि अर्ज भरलाच नाही. पत्नी गरोदर होती. तेव्हाच परत जायला हवं होतं, असं आपण म्हणाल. असेलही. ते गेले नाहीत. पुढची सगळी वर्षं रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आणि गोदामात काढली, आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांसाठीचा कर क्रमांक) घेऊन दर वर्षी टॅक्स भरला. मोठी मुलगी आता सोळा वर्षांची आहे, धाकटी दहा. दोघी इथे जन्मल्या, दोघी अमेरिकन नागरिक. एका ट्रॅफिक स्टॉपनंतर इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आली. ते प्रत्येक तारखेला हजर राहिले, प्रत्येक चेक-इनला, म्हणजे इमिग्रेशन खात्यातल्या ठरलेल्या हजेरीला, गेले. शेवटच्या चेक-इनला गेले ते घरी आलेच नाहीत. आज ते दोन राज्यं पलीकडच्या डिटेन्शन सेंटरमध्ये आहेत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, 'कायदा मोडणारे' या शब्दांबद्दल. मुदत संपल्यावर देशात राहणं हा अमेरिकी कायद्यात फौजदारी गुन्हा नाही. ते दिवाणी स्वरूपाचं उल्लंघन आहे. चोरून सीमा ओलांडणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी जास्तीत जास्त सहा महिने कैदेचा. हद्दपार झाल्यावर परवानगीशिवाय पुन्हा शिरणं त्याहून गंभीर. हे मी कोणाला सोवळं ठरवण्यासाठी सांगत नाही, कारण या फरकाचा त्या माणसाला फायदा होत नाही, तोटाच होतो. १८९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने फाँग यू टिंग खटल्यात निकाल दिला की हद्दपारी ही शिक्षा नव्हे. शिक्षा नव्हे, म्हणून फौजदारी आरोपीला मिळणारी संरक्षणंही नाहीत. दरोड्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकार वकील देतं. इमिग्रेशन कोर्टात वकील आणायचा हक्क आहे, पण सरकारला खर्च पडता कामा नये, असं कायद्यातच लिहिलं आहे. समोर उभं असलेलं लहान मूल असलं तरी हाच नियम. शिवाय ते कोर्ट स्वतंत्र न्यायव्यवस्थेचा भाग नाही. तिथले न्यायाधीश न्याय खात्याचे कर्मचारी असतात. समोरचा सरकारी वकील दुसऱ्या खात्याचा, पण सरकार तेच. तुंबलेली प्रकरणं तीस लाखांच्या वर गेलेली. अशा जागी उभं राहणाऱ्या माणसाला वकिलाचे तीन फुकट तास म्हणजे काय असतात, याची कल्पना आपल्यापैकी निदान दोघांना तरी असायला हवी. त्यांनी स्वतःच्या ग्रीन कार्डासाठी वकिलाला किती फी मोजली, हे त्यांनीच पिकनिकला सांगितलं होतं.

दुसरी तक्रार 'आम्ही रांगेत उभे राहिलो, त्यांनीही राहावं' या वाक्याबद्दल. ईमेलमध्ये ते नाही, पण बैठकीत ते बोललं गेलं आणि त्यावर माना डोलल्या, असं मला कळलं. माझा प्रश्न साधा आहे : कोणती रांग? त्या गृहस्थांसाठी आहे ती रांग कुठली, ते मी शोधून पाहिलं.

एकवीस वर्षांची झाल्यावर मोठी मुलगी नागरिक म्हणून वडिलांसाठी अर्ज करू शकते. ते रीतसर व्हिसावर आलेले असल्याने तेव्हा त्यांना इथल्या इथे ग्रीन कार्ड मिळू शकतं. म्हणजे आणखी पाच वर्षं. ती पाच वर्षं या देशात काढता आली तर. हद्दपार झाले, तर १९९६ चा कायदा आडवा येतो. एक वर्ष किंवा अधिक काळ बेकायदा राहून जो बाहेर पडतो, त्याला दहा वर्षं प्रवेशबंदी. ती माफ करून घ्यायची तर पती, पत्नी किंवा आईवडील यांच्यापैकी कोणी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं आणि त्यांना अतोनात हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावं लागतं. नागरिक असलेल्या मुलांचे हाल या माफीसाठी मोजतच नाहीत. मी हे कलम पुन्हापुन्हा वाचलं, आपल्याला काही कळलं नाही असं वाटून. बरोबर कळलं होतं. आणि सीमा ओलांडून आलेल्या आईबापांना तर मुलगी एकवीस वर्षांची झाली तरी सहसा इथल्या इथे अर्ज करता येत नाही. आधी बाहेर जा, मग दहा वर्षं.

दुसरा मार्ग इमिग्रेशन न्यायाधीशापुढचा, कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल, म्हणजे हद्दपारी रद्द करून घेणं. इथेच सहानुभूतीचा प्रश्न येतो, म्हणून जरा थांबून सांगते. १९९६ पूर्वी नियम असा होता की सात वर्षं इथे राहिलेला, चांगल्या वर्तणुकीचा माणूस न्यायाधीशाला सांगू शकत असे : मला परत पाठवलंत तर माझे किंवा माझ्या कुटुंबाचे अतोनात हाल होतील. त्याचं ऐकून हद्दपारी थांबवण्याचा अधिकार न्यायाधीशाला होता. १९९६ मध्ये सातची दहा वर्षं झाली. त्या माणसाच्या स्वतःच्या हालांचा विचार बंद झाला. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती, पत्नी, आईवडील, मुलं यांचे हाल 'असाधारण आणि अत्यंत विरळा' असावेत, अशी अट आली. पुढे २००१ मध्ये इमिग्रेशन कोर्टांच्या वरच्या अपील मंडळाने तिचा अर्थ लावला : घरचा माणूस देशाबाहेर गेल्यावर जे हाल साधारणपणे होतातच, त्यांच्याहून हे बरेच जास्त असले पाहिजेत. म्हणजे बाप नेल्यावर दहा वर्षांची मुलगी रात्री झोपत नसेल, शाळेत बोलायची बंद झाली असेल, तर ते 'साधारण' झालं. तेवढ्यावर भागत नाही. आणि ही कसोटी पार केली तरी देशभरात वर्षाला ४,००० जणांनाच हा दिलासा देता येतो. चार हजार, तीस लाख प्रकरणांच्या देशात.

तिसरा मार्ग रजिस्ट्रीचा. फार जुन्या काळापासून इथे राहिलेल्याला ग्रीन कार्डाचा अर्ज करता यावा, म्हणून १९२९ मध्ये ही तरतूद झाली आणि अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, तिची तारीख वेळोवेळी पुढे सरकवत आली. शेवटची १९८६ मध्ये सरकवली, १ जानेवारी १९७२ पर्यंत. तेव्हा ती चौदा वर्षं जुनी तारीख होती. आज अर्धशतकाहून जुनी आहे आणि अजून तीच आहे.

तेव्हा कायदा निष्ठुर आहे आणि आपण बिचारे कोमल मनाचे, अशी वाटणी करू नका. या कायद्यात दयेला जागा होती, ती माणसांनी मतदान करून आक्रसली, आणि माणसांनाच ती पुन्हा वाढवता येईल. आपल्यातले बरेच जण आता मतदार आहेत.

या सगळ्यावर दुसरी बाजू आहे आणि ती मला पटते तिथे पटते. देशात कोणी राहावं हे ठरवायचा देशाला अधिकार आहे. नियम वाकवणाऱ्याला सूट मिळाली की वर्षानुवर्षं रांगेत थांबलेल्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. मलाही वाटलं आहे. 'डंकी'चा, म्हणजे चोरवाटेने माणसं सीमेपार नेण्याचा, धंदा करणारे एजंट या सहानुभूतीचंच भांडवल करतात. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातेतल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब, दोन लहान मुलांसकट, कॅनडाच्या मॅनिटोबात अमेरिकेच्या सीमेपासून काही मीटरवर गोठून मेलं. असल्या एजंटांना जबर शिक्षा व्हावी, गंभीर गुन्हे करणाऱ्यांना परत पाठवावं, यावर आपलं एकमत आहे. पण बहुतेक फेडरल गुन्ह्यांनाही खटला भरायला पाच वर्षांची मुदत असते. ती उलटली की सरकार त्या माणसाचा पिच्छा सोडतं, आणि त्याला कोणी अराजक म्हणत नाही. व्हिसाची मुदत उलटून राहण्याला मात्र कसलीच मुदत नाही, सोळा वर्षं झाली तरी आणि घरात नागरिक मुली असल्या तरी. हा तोल मला मान्य नाही.

तिसरी तक्रार थोडक्यात. याच सभागृहात ग्रीन कार्डाच्या बॅकलॉगवर, ओसीआयच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाच्या) अर्जांवर, करबचतीवर व्याख्यानं झाली. तेव्हा संस्कृती आड आली नाही. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा, संस्था आहोत म्हणून राजकारण वर्ज्य, हेही अर्धवट वाचलेलं आहे. मनाई आहे ती निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार किंवा विरोध करायला. लोकांना कायद्याची माहिती देणं हा प्रचार नव्हे. कायद्यात बदल व्हावा म्हणून पाठपुरावा करायलाही, तो संस्थेच्या कामाचा मोठा भाग बनत नाही तोवर, मुभा आहे. मंडळाच्या खजिनदारांनी हे सीपीएला विचारावं, दोन मिनिटांचं काम आहे. एक भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही : कार्यक्रमाला आइसची (इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या खात्याची) माणसं आली तर? शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं इथे सहसा कारवाई करायची नाही, हे आधीचं धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं, हे खरं आहे. ही अडचण आपण सांगितली असती तर आम्ही कार्यक्रम झूमवर घेतला असता. आपण ती सांगितली नाहीत.

चौथी तक्रार आपल्या सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातापायांत बेड्या घातलेली माणसं सगळ्या जगाने पाहिली. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे होते, तिघे महाराष्ट्रातलेही होते. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर विनोद आले आणि त्यांच्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची माळ लागली. ग्रुपचे अ‍ॅडमिन कार्यकारिणीतले आहेत. ते गप्प राहिले. आता या गृहस्थांच्या अटकेनंतर त्यांच्या स्टेटसबद्दल जाहीर चर्चा झाली, 'टिप कोणी दिली असेल' याचे अंदाज बांधले गेले, आणि त्यांच्या पत्नीने कोणाला न सांगता ग्रुप सोडला. त्या अजून इथे आहेत आणि त्यांचंही स्टेटस गेलेलं आहे. त्या चर्चेचा एखादा स्क्रीनशॉट कुठे जाऊ शकतो, याचा विचार लिहिणाऱ्यांनी केला होता का?

पाचवी तक्रार विसराळूपणाची आहे. आपण ज्या कायदेशीरपणाचा अभिमान बाळगतो, तो कायदा आपल्या बाजूला फार उशिरा आला. १९१७ पासून जवळजवळ सगळ्या आशियाला बंदी होती. १९२३ मध्ये अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांना सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही; आणि ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांतल्या अनेकांचं काढून घेतलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई त्यांतले एक. त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. १९४६ मध्ये आपल्याला नागरिकत्वाचा हक्क मिळाला तो वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह, आणि दार नीट उघडलं ते १९६५ नंतर. हे सगळं कायद्याला धरूनच झालं होतं.

आणि आजही आपण फार पलीकडच्या काठावर आहोत असं नाही. जन्मसिद्ध नागरिकत्वावर गदा आणणारा जो आदेश २० जानेवारी २०२५ ला निघाला आणि ज्याला लगेच न्यायालयांत आव्हान मिळालं, त्यात कागद नसलेल्या आईबापांची मुलं जशी होती, तशीच एच-वनवरच्या आईबापांचीही होती. आपल्या शाळेतली काही मुलं एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आहेत. ग्रीन कार्ड लांबलं तर एकवीस पूर्ण होताच त्यांचं अवलंबित स्टेटस संपतं. आयुष्य इथे गेलेलं असलं तरी नवा व्हिसा शोधा नाहीतर निघा. ले-ऑफ आणि साठ दिवसांची कथा तर प्रत्येकाला ठाऊक आहे. एक अर्ज फेटाळला गेला, एक तारीख चुकली, की माणूस ईमेलमधल्या 'कायदा मोडणाऱ्यां'त जमा होतो.

आता मागण्या. त्या मोठ्या नाहीत.

सभागृहाचा नकार मागे घ्या आणि येत्या दोन आठवड्यांत एक रविवार द्या. जमत नसेल तर मंडळाच्या झूम खात्यावरून कार्यक्रम होऊ द्या. येणाऱ्याचं नाव, सभासद क्रमांक, स्टेटस काहीही विचारायचं नाही.

मंडळाच्या वेबसाइटवर परवानाधारक इमिग्रेशन वकिलांची आणि न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधींची यादी लावा. फसवणारे एजंट आपल्या भाषेतही बोलतात, त्यामुळे यादी मराठीत हवी.

सभासदांत कितीतरी नोटरी आहेत. महिन्यातून एक सकाळ त्यांनी बसावं. मुलांच्या तात्पुरत्या पालकत्वाचे कागद, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, शाळेचं संमतीपत्र, हे अटकेच्या आधी झालेलं असलं पाहिजे. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकी पासपोर्टला दोन्ही पालकांची हजेरी किंवा नोटरी केलेली संमती लागते. धाकटीचा पासपोर्ट नाही आणि तिच्या वडिलांची ती सही डिटेन्शन सेंटरमधून मिळवताना आम्हाला नाकी नऊ आले आहेत.

आपत्कालीन निधीतून मदत करा. इमिग्रेशन बाँड (जामीन) मंजूर झाला तर कायद्यानुसार किमान १,५०० डॉलर भरावे लागतात आणि प्रत्यक्षात रक्कम बरीच जास्त असते. पूर आणि भूकंपाला आपण हाच निधी वापरला होता.

ग्रुपवर कोणाच्याही स्टेटसची चर्चा होणार नाही, असा नियम करा आणि तो सगळ्यांना सारखा लावा.

आणि मंडळाच्या लेटरहेडवर आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्यांना आणि दोन्ही सिनेटरांना एक पत्र पाठवा : रजिस्ट्रीची तारीख पुढे आणा, नागरिक मुलांचे हाल प्रवेशबंदीच्या माफीत मोजा, आणि १९९६ पूर्वी न्यायाधीशांना होता तो अधिकार परत द्या. मसुदा मी करून दिला आहे. त्यात कोणत्याही पक्षाचं नाव नाही.

शेवटच्या तीन मागण्यांचा ठराव पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. सूचक म्हणून मी सही केली आहे, अनुमोदकाची सही सोबत आहे. सभागृह, यादी आणि नोटरी यांना मात्र सभेची गरज नाही. ते कार्यकारिणीच्या अधिकारात आहे. धाकटीच्या वडिलांची पुढची सुनावणी सभेच्या बरीच आधी आहे. त्यामुळे या तिन्हींचं लेखी उत्तर याच आठवड्यात मिळावं, ही विनंती.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद आणि मराठी शाळेतली शिक्षिका